एक सुपली लेंड्या

सकाळी उठल्यावर लोक मोबाइल बघतात, देवाची तसबीर बघतात, फार तर स्वतःचे तळहात बघतात. मी लेंड्या बघते.

गॅलरीच्या कोपऱ्यात, जुन्या चादरीवर आणि चादरीच्या आजूबाजूला, रात्रभरात पडलेल्या. वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या, चुरडल्या तर गवताचा भुसा होणाऱ्या. निरोगी ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या सहज टाकतो, त्यामुळे त्या कोणी मोजत बसत नाही, सुपलीत भरतो. आमच्याकडे माप ठरलेलं आहे. केराची लाल सुपली काठोकाठ भरली, की दिवस चांगला. अर्धीच भरली तर त्या दिवशी माझं ऑफिसात लक्ष लागत नाही. आणि लेंड्या बारीक, एकमेकींना केसांनी जोडलेल्या, माळेसारख्या निघाल्या, तर आमची सशीण जाईबाई अंग चाटताना केस फार गिळताहेत असं समजायचं आणि फणी घेऊन बसायचं.

हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी ससा घेतला असता का? बहुधा नाही. आम्हाला सांगितलं गेलं ते नेमकं उलटं.

2017 चा मे महिना. लेक तिसरीची परीक्षा देऊन मोकळी झालेली आणि घरात एकच धोशा, काहीतरी पाळायचं. कुत्रा नको, कारण ठाण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आधीच चार माणसं आणि पहाटे त्याला फिरवायला नेण्यावरून रोज भांडणं झाली असती. मांजर नको, कारण सासूबाईंचं माहेर हर्णै. आठवड्यातून तीन दिवस ओट्यावर मासळी असते आणि त्या घरात मांजर आणणं म्हणजे रोजचं महाभारत. मग एका रविवारी नवरा आणि लेक बाजारात गेले ते बुटाच्या खोक्यात दोन ससे आणि एका लहानशा पिंजऱ्यात दोन ‘लव्हबर्ड’ घेऊनच परतले. दुकानदार म्हणाला होता, “साहेब, याला काय लागतं? गाजर टाका, पाणी ठेवा. भुंकणं नाही, चावणं नाही. एकदम सायलेंट.”

सायलेंट हा शब्द तेव्हा आम्हाला फार आवडला होता.

पहिल्या महिन्याभरात दुकानदाराची एकेक गोष्ट खोटी ठरत गेली. ते लव्हबर्ड नव्हतेच. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, अंगानं जाड, आखूड शेपटीचे. आपल्याकडे सर्रास त्या नावानं विकतात त्या बजरी. बाजारातली माणसं बजरीच म्हणतात आणि कित्येक दिवस मला वाटायचं, बाजरी खातात म्हणून बजरी. प्रत्यक्षात ते इंग्रजी ‘बजरिगार’चं झालेलं रूप आहे आणि ते इंग्रजी नावही ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेलं. खातात मात्र त्या बाजरीपेक्षा राळा आवडीनं. दुकानात त्याला कांगणी म्हणतात. आमच्या दोघांपैकी एक निळा होता. त्याचं नाव निळोबा ठेवलं. दुसरी पिवळी, तिचं नाव पिवळी. नावं ठेवण्याचा उत्साह तिथेच संपला.

सशांच्या बाबतीत फसवणूक जास्त गंभीर होती. “दोन्ही फिमेल आहेत, गॅरंटी,” म्हणून दिलेल्या जाई आणि जुई. लहान पिल्लांमध्ये नर-मादी ओळखणं अवघड असतं हे खरं, पण गॅरंटी देणाऱ्याला एवढं तरी माहीत असायला हवं. चार-पाच महिन्यांत ससे वयात येतात. एका सकाळी जाई स्वतःच्या छातीचे आणि पोटाचे केस तोंडानं उपटताना दिसली. मी घाबरले. खरूज झाली, बुरशी झाली, काय झालं? ती ते केस तोंडात धरून खोक्यातल्या गवतात नेऊन ठेवत होती. सासूबाई पोळ्या लाटता लाटता फक्त एकदा वाकून बघून गेल्या.

“खरूज नाही गं. बाळंतीण व्हायची आहे ती.”

“आई, काहीतरीच काय. दोघी बायका आहेत.”

“मग एकीला धोतर नेसव.”

दुसऱ्या दिवशी पहाटे गवताच्या खोबणीत, केसांच्या गादीखाली, पाच गुलाबी जीव वळवळत होते. डोळे मिटलेले, अंगावर केस नाही, हाताच्या अंगठ्याएवढे. जुईचं नाव त्याच दिवशी जुईराव झालं. आणि माझं दुसरं अज्ञान उघडं पडलं. जाई पिल्लांकडे फिरकेचना! ती गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला पाय पसरून बसलेली, जणू ती पिल्लं शेजारच्यांची. सोसायटीतल्या सगळ्यांनी सल्ले दिले. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजा, गायीचं चालेल, शेळीचं जास्त चांगलं. मी बोळा भिजवलाही होता. सासूबाईंनी माझा हात धरला. “तिला कळतं. तू गप्प बस.”

त्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पण बरोबर होतं. सशीण दिवसातून एकदाच, फार तर दोनदा पिल्लांकडे जाते, तेही बहुतेक अंधारात, आणि जेमतेम पाच मिनिटं पाजून परत येते. दूध इतकं दाट की तेवढ्यात भागतं. बाकीचा वेळ ती मुद्दाम लांब राहते. कारण ती बिळाजवळ जितकी जास्त घुटमळेल तितका तिचा वास तिथे रेंगाळेल आणि कोल्ह्याला पत्ता मिळेल. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर कोल्हा कुठून येणार? पण जाईला हे कोण सांगणार. तिची माया लांब बसूनच व्हायची. आपल्याला कवटाळलेली आई बघायची सवय, म्हणून ती आपल्याला निर्दय वाटली.

तिघं जगली. महिना झाल्यावर त्यांना घरं शोधायची वेळ आली तेव्हा एका बाईंचा फोन आला. त्यांना तीन नको होते, पंचवीस हवे होते. मुलाचा वाढदिवस होता आणि रिटर्न गिफ्ट म्हणून प्रत्येक मुलाला एक ससा द्यायची त्यांची कल्पना होती. पेन्सिलबॉक्स सगळेच देतात म्हणे. मी इतकं गोड बोलून फोन ठेवला की नवरा म्हणाला, आता कोणाचं तरी काही खरं नाही. पिल्लं शेवटी ओळखीतल्या दोन घरांत गेली, सोबत माझ्या हस्ताक्षरातली चार पानं घेऊन. आणि जुईरावांचं ऑपरेशन करून आणलं, कारण सशीण बाळंत झाल्यावर त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते आणि गर्भाचे दिवस जेमतेम तीस-एकतीस. हिशेब करून बघा, वर्षाअखेरीस आम्हाला इमारत रिकामी करावी लागली असती.

गाजराचंही तसंच. गाजर सशाला आवडतं ते मुलाला पेढा आवडतो तसं. त्यात साखर. सशाचं खरं अन्न सुकं गवत, दिवसभर, भरपूर. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात. आता ठाण्यात सुकं गवत कुठून आणायचं? ऑनलाइन परदेशी टिमोथी गवत मिळतं, त्याचा भाव बघून नवरा म्हणाला, त्यापेक्षा आपण गवत खाऊ आणि सशाला पोळी घालू. मग एका तबेल्यातल्या भय्याशी ओळख काढली. तो दर पंधरा दिवसांनी गोणीभर देतो. पहिल्यांदा त्यानं भाताचा पेंढा दिला, तो जाईनं अंथरूण म्हणून वापरला. मग लसूणघास दिला, तो तिनं अधाशासारखा खाल्ला, पण त्यात कॅल्शियम फार, वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला रोज नको. शेवटी साधं डोंगरी गवत ठरलं. शिवाय कोथिंबिरीचे देठ, मुळ्याचा आणि गाजराचा पाला. भाजीवाली आता मला बघितलं की विचारते, “ताई, तुमचा का सशाचा?” आणि दूर्वा. संकष्टीला सासूबाई फुलवालीकडून दोन जुड्या घेतात, एक बाप्पाची, एक जाईची. दुसऱ्या दिवशी बाप्पाचीही जाईलाच जाते. यावर त्यांचं शास्त्र तयार आहे: निर्माल्य पायदळी येऊ नये, पोटात गेलेलं पायदळी कसं येईल?

त्याच सासूबाईंनी एकदा मात्र पहाटे मला हलवून उठवलं होतं. “अगं, ती स्वतःचं खाते आहे!”

खाते. सगळेच ससे खातात. लेंड्या दोन प्रकारच्या असतात. एक या कोरड्या, सुपलीतल्या. दुसऱ्या मऊ, चकाकत्या, द्राक्षाच्या बारक्या घोसासारख्या, ज्या आपल्याला सहसा दिसतच नाहीत, कारण ससा मान वळवून त्या थेट तोंडात घेतो. गवतातून एका फेरीत सगळं सत्त्व निघत नाही. आंधळ्या आतड्यात जिवाणू ते आंबवतात, त्यातून जीवनसत्त्वं आणि प्रथिनं तयार होतात आणि ती मिळवायला अन्न दुसऱ्यांदा आत जावं लागतं. “गाय रवंथ करते ना आई, तेच. फक्त रस्ता वेगळा,” मी म्हटलं. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाल्या, “गायीचा रस्ता बरा.”

बाजारातून आलेल्या या पाहुण्यांमुळे मला माझ्याच भाषेतल्या काही गोष्टी नव्यानं कळल्या. अंकलिपीत ‘स’ सशाचा असतो आणि तो ससा कायम पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा असतो. म्हणजे जाई. पण जाईचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळं खणणारे, कळपानं राहणारे. आपल्या माळरानावरचा ससा वेगळाच. मातकट रंगाचा, लांब टांगांचा, मानेवर काळा डाग असलेला, एकटा. तो बीळ करत नाही, गवतात दबून बसतो. त्याची पिल्लं जन्मतात तीच डोळे उघडून, अंगावर केस घेऊन. या दोघांचा संकरसुद्धा होत नाही, इतके ते परके. सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा आपला गोष्टीतला ससा, चंद्राला शशांक करणारा ससा, हे सगळे ते रानातले. ससेहोलपट हा शब्दही त्याचाच. शिकारी कुत्री मागे लागली की जीव घेऊन इकडून तिकडे होणारी त्याची पळापळ. (ससेमिऱ्याचा मात्र सशाशी काही संबंध नाही. तो एका जुन्या कथेतल्या वेड्या राजपुत्राच्या तोंडचा, चार श्लोकांच्या पहिल्या चार अक्षरांचा शब्द. मी चाळिशीपर्यंत तो सशाच्या खात्यावर लिहीत होते.)

तो रानससा घरी आणणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आपल्या हिरव्या पोपटाचंही तेच, मुनियांचंही तेच. हे अजून कितीतरी जणांच्या गावी नसतं. वाईला माझ्या आजोळी ओसरीवर गोल पिंजऱ्यात मिठू होता, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि हिरवी मिरची खायचा, दारात कोणी आलं की “विठ्ठल” म्हणायचा. आम्हा मुलांना तो घरचाच वाटायचा. तो कुठून आला असेल हा प्रश्न मला पडला तो थेट पिवळी घरात आल्यावर. पोपट झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. कुणीतरी त्या ढोलीत हात घातला असणार. मिठूला आजीनं जीव लावला यात शंका नाही. आणि तो जीव लावायच्या आधी कोणीतरी तो हात घातला, यातही नाही.

बजरी मात्र पिंजऱ्यातच जन्मलेल्या, पिंजऱ्यात जन्मलेल्यांच्या पोटी. 1840 मध्ये जॉन गूल्ड या पक्षी-अभ्यासकानं ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला जिवंत बजरी नेल्या, आणि पुढे त्यांची युरोपात इतकी पैदास झाली की आज जगभरच्या घराघरांत त्या आहेत. रानातली बजरी फक्त हिरवी-पिवळी असते. निळी, पांढरी, राखाडी, जांभळट या सगळ्या माणसानं निवडून निवडून टिकवलेल्या छटा. निळोबाच्या चोचीवरची कातडी गडद निळी होती, पिवळीची तपकिरी. नर-मादी ओळखायची तीच खूण. त्यांच्यासाठी भोक पाडलेलं छोटं मडकं आणून पिंजऱ्यात बांधलं. पिवळीनं एकाआड एक दिवस अशी पाच अंडी घातली. प्रत्येक अंडं अठराएक दिवसांनी फुटतं, म्हणून पिल्लंही एकाआड एक दिवस बाहेर येतात आणि थोरलं डोळे उघडतं तेव्हा धाकटं नुकतं कवचातून निघालेलं असतं. एकाच मडक्यात पाच मापांची भावंडं. सासूबाईंनी माहेराहून येताना पिशवीभर समुद्रफेस आणला. माकुलाचं हे पांढरं, ठिसूळ हाड हर्णैच्या किनाऱ्यावर वाहत येतं. पूर्वी घरोघरी औषधाला उगाळायचे. दुकानात तेच पाकिटात घालून विकतात. पिवळी त्यावर चोच घासून घासून कॅल्शियम मिळवायची. ठाण्याच्या गॅलरीत ऑस्ट्रेलियाचा पक्षी हर्णैचा किनारा कुरतडतोय, हे बघत मी कितीतरी संध्याकाळी काही न करता बसले आहे.

ससे आणि पक्षी एकत्र ठेवायचे नसतात, आम्हीही ठेवले नाहीत. पिंजरा वर टांगलेला, ससे खाली फरशीवर. पण त्यांचं एक नातं होतं, आणि ते मला घारीमुळे कळलं. आमच्याकडे खाडीवरून घारी येतात. घारीची सावली ग्रिलवरून सरकली की वरची किलबिल सुरी फिरवल्यासारखी थांबायची. निळोबा-पिवळी दांडीवर बारीक होऊन चिकटायची, डोळासुद्धा हलायचा नाही. त्याच क्षणी खाली जाई मागचा पाय फरशीवर आपटायची. धप्प. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायच्या, तुमच्याकडे काय पडलं? या चौघांपैकी एकानंही आयुष्यात शिकारी पक्ष्याचा पंजा पाहिलेला नव्हता. त्यांच्या आईबापांनीही नाही, आजोबा-पणजोबांनीही नाही. मिनिटभर ती शांतता टिकायची आणि मग आधी निळोबा एक बारीक चिर्र करायचा. ती ‘ऑल क्लिअर’ मिळाली की जाई पुन्हा गवत चावायला लागायची.

तेव्हा मला दुकानदाराच्या त्या ‘सायलेंट’चा अर्थ लागला. कुत्र्याला दुखलं तर तो विव्हळतो. तो शिकार करणारा. त्याला तक्रार परवडते. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त नाकासमोरचं दिसत नाही. इतका त्याचा सगळा देह दुसऱ्याच्या भुकेभोवती घडलेला. कळपात जो लंगडतो तो पहिला उचलला जातो, म्हणून लंगडायचं नाही. आजारी बजरी तर माणूस समोर आला की पिसं आवळून, ताठ बसून, दाणे टिपल्याचं नाटक करते. चोच हलते, टरफलं पडत नाहीत. आपण म्हणतो, आत्ता तर खात होती, अचानक गेली. अचानक काही नसतं. आपण दाण्याच्या वाटीत फुंकर मारून बघितलेलं नसतं की वर नुसती टरफलं साचली आहेत का खाली दाणे उरले आहेत.

हे शहाणपण मला महागात पडलं. 2019 ची दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खाली माळा लागत होत्या, सुतळी बॉम्ब वाजत होते. आम्ही सशांना आतल्या खोलीत घेतलं, खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला. जुईराव पलंगाखाली जाऊन बसला तो बसलाच. सकाळी तो तसाच होता, चारी पाय अंगाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून, अगदी शहाण्या बाळासारखा. मी म्हटलं, दमलाय. पाडव्याच्या गडबडीत दुपार झाली. मग लेक म्हणाली, “आई, याच्याखाली काहीच नाही.”

एकही लेंडी नव्हती. सोळा-सतरा तास.

सशाला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच जायला हवं. भीतीनं, दुखण्यानं, उपासानं त्याची आतडी थांबतात, थांबली की आत वायू धरतो, वायू धरला की दुखतं, दुखलं की खात नाही, खाल्लं नाही की आतडी आणखी थांबतात. अर्धा दिवस ससा काही खात नसेल तर ते थांबून बघायचं दुखणं नाही, हे मला त्या दिवशी फोनवर कळलं. जवळच्या दवाखान्यात सांगितलं, आम्ही कुत्री-मांजरं बघतो. दुसऱ्या ठिकाणी सणाची सुट्टी. शेवटी टॅक्सी करून परळला, बैलघोडा हॉस्पिटलात. पाटीवरचं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट, पण मुंबईत तसं कोणी म्हणत नाही. शहर जेव्हा बैलांच्या आणि घोड्यांच्या जिवावर चालायचं, रुळांवरून ट्रामही घोडेच ओढायचे, त्या काळातलं हे हॉस्पिटल. आवारात एक लंगडी गाय, पट्टी बांधलेली घोडी, मांजाने पंख कापलेली कबुतरं, आणि त्यात माझ्या मांडीवर पाडव्याच्या साडीत गुंडाळलेला जुईराव.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पोटाला कान लावून बराच वेळ ऐकलं. मग कातडीखाली सलाइन दिलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं आणि सुई काढलेल्या सिरिंजनं गवताच्या भुकटीची पेज थेंब थेंब कशी भरवायची ते मला करून दाखवलं. जाताना एक बजावलं. घरात मुलांसाठी अ‍ॅमॉक्सिसिलिन पडलेलं असतं, ते याला चुकूनही पाजू नका. त्यानं आतड्यातले उपयोगी जिवाणूच मरतात, ससा वाचत नाही. मग विचारलं, “रोज लेंड्या बघत नाही का?” रागावून नव्हे, सकाळी दात घासत नाही का, इतक्या साधेपणानं.

दोन दिवस, दोन रात्री, दर तीन तासांनी पेज. भाऊबीजेला भाऊ आला तेव्हा मी त्याला ओवाळलं आणि तबक तसंच ठेवून आत पळाले. तिसऱ्या पहाटे पलंगाखाली एक लेंडी दिसली. बारीक, वेडीवाकडी, काळपट. मी ती तळहातावर घेऊन नवऱ्याला उठवलं. त्यानं डोळे चोळले, बघितलं आणि “अभिनंदन” म्हणून पुन्हा झोपला.

जुईराव त्यानंतर तीन वर्षं जगला. तेव्हापासून सुपली.

निळोबाचं मात्र काही मोजून अडलं नसतं. पावसाळा संपल्यावरचा एक रविवार. मी दाण्याचा ट्रे काढून पिंजरा पुसत होते, फोन वाजला, दाराची क्लिप लावायची राहिली. तो आधी दारात बसला. मग ग्रिलवर. मी श्वास धरून नाव घेत राहिले. ते नाव त्याला कळत नव्हतं हे मला तेव्हाही माहीत होतं. मग समोरच्या गुलमोहरावर. त्या हिरव्या झाडात तो चौथीतल्या मुलीनं रंगवल्यासारखा निळा दिसत होता. रानातली हिरवी बजरी पानांत विरघळून जाते. हा रंग आपण पिंजऱ्यासाठी घडवला, त्याला लपायला झाडात जागाच नाही. कावळ्यांना दोन मिनिटं लागली. एक आला, दुसरा आला, मग गलका. निळोबा उंच उडाला, शेजारच्या टॉवरच्या वर. तो इतका सुंदर उडू शकतो हे मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. माझ्या पिंजऱ्याची लांबी दीड हात होती.

दोन दिवस पिवळीचा पिंजरा गच्चीवर नेऊन ठेवला. जोडीदाराच्या हाकेला हरवलेली बजरी कधीकधी परत येते. पिवळी हाका मारायची, थांबायची, मान वाकडी करून ऐकायची. खालच्या काकू गच्चीवर कुरडया घालायला आल्या होत्या. म्हणाल्या, “जाऊ दे गं. मोकळा झाला बिचारा. पुण्यच लागलं तुला.” मी काही बोलले नाही. काकू मायेनं बोलत होत्या. पण आयुष्यभर वाटीतला राळा खाल्लेल्या, पाणी नळीतून प्यालेल्या त्या पक्ष्याला ठाण्याच्या आभाळात काय मिळालं असेल ते मला दिसत होतं. दार बंद ठेवलं तेव्हा मी त्याचं आभाळ घेतलं होतं, आणि दार उघडं राहिलं तेव्हा वाटी. यातलं कुठलं पुण्य, ते काकूंनी ठरवावं.

पिवळीसाठी नंतर एक हिरवा जोडीदार आणला, ओळखीतल्या एकांनी त्यांच्याकडचा दिला. पिंजरा मोठा केला, संध्याकाळी खिडक्या लावून, पंखा बंद करून, दोघांना तासभर खोलीत सोडायला लागलो. पडद्याच्या दांडीवर घाण होते. होऊ दे. आता ती दोघंही नाहीत. पिंजरा माळ्यावर आहे आणि कोणी मागितला तर देत नाही, कारण रिकामा पिंजरा माणसाला बाजारात घेऊन जातो.

जाई आहे. आठ वर्षांची, म्हणजे म्हातारीच. उन्हाळ्यात तिला फार सोसत नाही. सशाला घाम येत नाही, उष्णता काय ती कानांतून जाते. मेमध्ये तिचे कान हाताला इस्त्रीसारखे लागतात. मग फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून, फडक्यात गुंडाळून तिच्याशेजारी ठेवायच्या. ती त्यांना टेकून कोटा फरशीवर पसरते. मी लाडानं उचलायला गेले तर तिला आवडत नाही, आठ वर्षांत आवडलेलं नाही. जमिनीवरून उचललं जाणं म्हणजे काय, ते तिच्या हाडांना माहीत आहे. मी फरशीवर आडवी झाले की मात्र ती आपणहून येते, माझ्या कोपराला हनुवटी घासते आणि दात हलकेच एकमेकांवर घासायला लागते. कुर्र कुर्र, जेमतेम ऐकू येईल असं. तिच्याकडे समाधानाला एवढाच आवाज आहे.

परवा नाशिकला भाचीचं लग्न होतं. सासूबाईंचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते, त्या आणि जाई घरी राहिल्या. हळदीच्या गोंधळात, ढोलताशाच्या आवाजात सकाळी सातला त्यांचा फोन आला. मी कार्यालयाच्या मागच्या दाराशी जाऊन, एका कानात बोट घालून उचलला.

“भरली का?” मी विचारलं.

“पाऊण.”

“पाऊण म्हणजे? काल काय खाल्लं तिनं?”

“थांब,” त्या म्हणाल्या. फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला, मग सुपली फरशीवर खरवडल्याचा, मग पलंग सरकवल्याचा. गुडघे धरून त्या वाकल्या असणार. बराच वेळ नुसतं खरवडणं ऐकू येत राहिलं. कार्यालयात कोणीतरी माझ्या नावानं हाका मारत होतं.

“भरली,” त्या म्हणाल्या. “पलंगाखाली होत्या. जा आता, हळद लाव.”